बुरशीनं खाल्लेल्या निगेटिव्ह: रंग वाचा, मग प्रिंट काढा

मुंबई-कोकणच्या दमट कपाटात दोन-चार पावसाळे काढलेल्या निगेटिव्हवर बुरशी येतेच. फिल्मवरचा जिलेटिनचा थर हेच तिचं खाद्य. गेलेला भाग परत मिळत नाही, पण तिथे उमटलेली नेच्याच्या पानासारखी नक्षी नीट स्कॅन केली तर फार देखणी दिसते.

आधी पट्टी वाचवा. पाण्यानं मुळीच धुऊ नका: बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्रच वाहून जातं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्के अल्कोहोलही टाळा, उरलेलं ३० टक्के पाणीच असतं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर घ्या आणि फक्त चकचकीत बाजू हलक्या हातानं पुसा. मंद दिसणाऱ्या बाजूवर चित्र असतं. तिथे दाबून हवा सोडायच्या रबरी फुग्याची (ब्लोअरची) हवा पुरे. हे काम गॅलरीत, मास्क आणि हातमोजे घालून करा.

आता रंग वाचा. रंगीत निगेटिव्हमध्ये पिवळ्या रंगद्रव्याचा थर सगळ्यांत वर, त्याखाली किरमिजी, तळाशी हिरवट निळा. बुरशी वरून खात जाते आणि निगेटिव्हचे रंग प्रिंटमध्ये उलटे होतात. म्हणून प्रिंटमध्ये डागाची कड पिवळी, आत लाल आणि सगळे थर गेले तिथे काळं. स्लाइडचा, म्हणजे थेट सरळ रंग दिसणाऱ्या फिल्मचा, क्रम वेगळा: निळा, मग हिरवट निळा, शेवटी कोरा पांढरा. डाग किती खोल गेलाय, ते असं रंगावरूनच कळतं.

स्कॅनरमधली इन्फ्रारेड धूळसफाई बंद ठेवा. ती बुरशीला धूळ समजते आणि नक्षीवर शेजारचे रंग सारवते. स्वयंचलित रंगदुरुस्तीही बंद, नाहीतर पिवळे-लाल डाग दडपण्यासाठी अख्खं चित्र निळं पडतं. काळ्याची पातळी, म्हणजे चित्रात पूर्ण काळं काय धरायचं ते, दोन फ्रेममधल्या, डाग नसलेल्या कोऱ्या फिल्मवरून घ्या. स्कॅन ३२०० डीपीआय (एका इंचात ३२०० ठिपके), प्रत्येक रंगाला १६ बिट, टिफ फाइल. ३५ मिमी फ्रेमचे साधारण ४५०० बाय ३००० पिक्सेल मिळतात. १५ बाय १० इंची प्रिंटला तेवढे पुरतात. कडेची भोकंही स्कॅनमध्ये येऊ द्या, नक्षी बऱ्याचदा तिथूनच आत शिरते.

निवडताना कठोर राहा. आकाश, भिंत, पाणी अशा मोकळ्या जागी बुरशी खुलते. डोळ्यांवर फुटली तर सहसा बघवत नाही. खांद्यापासून चढत गालापाशी थांबलेली असेल, तर ती फ्रेम मोठ्या प्रिंटसाठी बाजूला काढा. संगणकावर फक्त स्कॅनरच्या काचेवरचे केस-कचरा पुसा, बुरशीला हात लावू नका. प्रिंट मॅट कागदावर घ्या. चकाकत्या कागदावर बारीक तंतू प्रतिबिंबात हरवतात.

स्कॅन झालेल्या पट्ट्या चांगल्या निगेटिव्हजवळ परत ठेवू नका. वेगळ्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा आणि आत छोटा आर्द्रतामापक टाका. आकडा ५० टक्क्यांच्या वर गेला की जेल बदला.