पावसानंतर सोसायटीच्या नळाला गटाराचा वास

जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी पाण्याला कुबट वास. गच्चीवरची टाकी दोनदा धुतली, फिल्टरची कॅण्डल बदलली, तुरटी फिरवली. तीन आठवडे फुकट गेले.

शेवटी क्लोरीन किटने उलगडलं. ऑर्थोटोलिडिनचे (क्लोरीन असला की पाणी पिवळं करणारं रसायन) थेंब टाकल्यावर मीटरजवळचं पाणी पिवळं झालं, तळटाकीतलं बिनरंगीच राहिलं, म्हणजे क्लोरीन शून्य. तळटाकीचा ओव्हरफ्लो पाइप थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेला होता. चेंबर तुंबला की घाण उलटी आत.

आधी तो पाइप बुजवला, नाहीतर ब्लीचिंग वाया. टाकीच्या मॅनहोलचा कठडा वाढवून नवा ओव्हरफ्लो त्यातून, जमिनीच्या वीतभर वर, जाळी लावून काढला. मग टाकी उपसून, घासून भरली. १०,००० लिटरला ३३ टक्क्यांची ताजी ब्लीचिंग पावडर दीड किलो. बादलीत कालवून अर्धा तास निवळू द्यायची, वरची निवळीच ओतायची. गाळ गेला तर पंपात चुना बसतो. पाणी वर चढवून प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडला, बारा तास बंद ठेवला, मग सगळं ओतून पुन्हा भरलं. (हे पाणी पिऊ नका, झाडांनाही नको.)

आता शेवटच्या नळालाही लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची (आयएस १०५००) किमान मर्यादा. एचटूएस बाटली (पाण्यात मैल्याचे जंतू असले की काळी पडणारी चाचणी) ४८ तासांनीही काळी पडली नाही.