एएनएमनंतर नर्सिंगची पदवी: वाट कोणती, अडतं कुठे

आधी बारावीची गुणपत्रिका समोर घ्या, कारण पुढची वाट तिच्यावरच ठरते. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ४५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ४०) असतील आणि इंग्रजीत पास असाल, तर एएनएम (सहाय्यक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रम) झाल्यावरही जीएनएमच्या (परिचारिकेच्या डिप्लोमाच्या) मागे लागू नका. राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा द्या आणि चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला जा. मात्र सुरुवात पहिल्या वर्षापासूनच होईल. एएनएम किंवा जीएनएम झाल्यावर थेट दुसऱ्या वर्षात बसता येत नाही. तसा प्रवेश मिळवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

बारावी आर्ट्स किंवा कॉमर्स असेल तर पायरीपायरीनं जावं लागतं: एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएम झालेल्यांसाठीची पदवी) दोन. वेळ जास्त लागतो, पण ही पदवी विद्यापीठाचीच असते. महाराष्ट्रात ती नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ देतं. एएनएमची राज्य नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असेल तर जीएनएमच्या प्रवेशासाठी ती पात्रता धरली जाते, म्हणून एएनएमचा निकाल लागताच नोंदणी करा.

पोस्ट बेसिकला सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नोंदणीपायी. जीएनएमची गुणपत्रिका पुरेशी नाही. राज्य नर्सिंग कौन्सिलची आरएन-आरएम (नोंदणीकृत परिचारिका-प्रसाविका) नोंदणी हवी. निकालानंतर दोन-तीन महिने गावी थांबून मग नोंदणीचा अर्ज केला, की प्रवेशाची मुदत टळते आणि अख्खं वर्ष जातं. कर्नाटकात जीएनएम केलेल्यांचं काम आणखी लांबतं: तिथली नोंदणी, मग तिथल्या कौन्सिलची पडताळणी आणि ना हरकत, त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी. हे प्रवेशाच्या हंगामाआधीच सुरू करा. जुनी नोंदणी असेल तर नूतनीकरणाची तारीखही बघून घ्या.

दुसरी अडचण नावाची. बारावी माहेरच्या नावानं, नोंदणी सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची प्रत जोडा, नाहीतर पडताळणीत अर्ज मागे येतो. नोकरीत असाल तर कार्यालयाची लेखी परवानगी आधी घ्या. नियमित पोस्ट बेसिक पूर्णवेळ आहे, ड्युटी सांभाळून होत नाही.

अभ्यासात वॉर्डचं काम येत असूनही दमछाक होते ती बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी आणि संशोधन-संख्याशास्त्रात. मराठीतून एएनएम झालेल्यांना इंग्रजीत मोठी उत्तरं लिहिणं जड जातं. त्याची तयारी जीएनएमपासूनच करा: रोज एक केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा आराखडा) पूर्ण इंग्रजी वाक्यांत लिहा.

पदवीनंतर ती कौन्सिलकडे जादा पात्रता म्हणून नोंदवून घ्या. एम.एस्सी.साठी पदवीला ५५ टक्के लागतात आणि पोस्ट बेसिकवाल्यांना एक वर्षाचा अनुभव. तो पोस्ट बेसिकच्या आधीचा असला तरी चालतो, म्हणून जुन्या रुग्णालयाचं अनुभवपत्र जपून ठेवा.