कीबोर्ड जमवताय? आधी स्पेसबार मोजा

मराठी डीटीपी आणि भाषांतर हे माझं पोटापाण्याचं काम. दिवसभर इनस्क्रिप्टमध्ये (देवनागरीच्या प्रमाण कळमांडणीत) टाइप करायचं म्हटल्यावर कीबोर्ड बरा हवाच, पण एवढ्यावर थांबले असते तर कपाटाचा एक कप्पा स्विचच्या (प्रत्येक कळेखाली बसणाऱ्या सुट्या खटक्यांच्या) पाकिटांनी भरला नसता, हे घरचे लोक न विचारताही सांगतात. ओळखीपाळखीतले लोक कस्टम कीबोर्ड, म्हणजे सुटे भाग घेऊन स्वतः जोडलेला कीबोर्ड, करायचं मनावर घेतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ''स्विच कुठला घेऊ?'' स्विचचा निर्णय सगळ्यात सोपा आणि सगळ्यात स्वस्तात बदलता येणारा आहे. पैसे बुडतात ते न बसणाऱ्या वस्तूंवर. सुंदर कीकॅप (कळांवरच्या टोप्या) येतात आणि उजव्या कोपऱ्यातल्या तीन कळा उघड्या राहतात. केस येते आणि यूएसबीचं भोक भलतीकडे असतं. म्हणून खरेदीची सुरुवात खालच्या ओळीपासून करायची.

आधी माप

कळांचं माप 'यू'मध्ये सांगतात. एक यू म्हणजे एका अक्षराच्या कळेची जागा, 19.05 मिलिमीटर. साध्या 104 कळांच्या कीबोर्डच्या खालच्या ओळीत डावीकडे 1.25 यूच्या तीन कळा, मग 6.25 यूचा स्पेसबार, उजवीकडे पुन्हा 1.25 यूच्या चार. ही ओळ असेल तर बाजारातला जवळजवळ प्रत्येक कीकॅप सेट बसतो. काही गेमिंग कीबोर्डांवर स्पेसबार 6 किंवा 6.5 यूचा असतो. त्यांच्यासाठी नंतर कॅप शोधत बसणं हा वेगळाच उद्योग आहे, त्यात पडू नका. 7 यूच्या स्पेसबारचीही एक मांडणी आहे, बाजूला 1.5, 1, 1.5 यूच्या कळा. दिसते देखणी, पण सेट घेताना त्यात 7 यूचा दांडा आहे का, हे दरवेळी तपासावं लागतं.

65 टक्के नावाने मिळणारा आकार सध्या फार चालतो. आकडे आहेत, बाणांच्या कळा आहेत, वरची एफ-ओळ आणि नंबरपॅड नाही. याच्या बहुतेक मांडण्यांत स्पेसबारच्या उजवीकडे 1 यूच्या तीन कळा आणि 1.75 यूचा उजवा शिफ्ट असतो. साध्या सेटमधला शिफ्ट 2.75 यूचा. कॅप्सलॉक 1.75 यूचा असतो, मग तोच इकडे लावू, असं कुणाच्याही मनात येतं. पण चेरी प्रोफाइलमध्ये (कॅपच्या उंची-उताराच्या एका नेहमीच्या प्रकारात) प्रत्येक ओळीचा उतार वेगळा, त्यामुळे तो तिथे परक्या घरात आल्यासारखा उभा राहतो. मॅचिंग सेंटरमध्ये अस्तर घ्यायला जाताना ब्लाउजपीस सोबत नेतात, तसा आपल्या मांडणीचा फोटो मापांसकट फोनमध्ये ठेवा आणि कीकॅपच्या पानावर 'सेटमध्ये काय काय आहे' हे चित्र त्याच्याशी ताडून बघा. याला दोन मिनिटं लागतात.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. इनस्क्रिप्टमध्ये ज्ञ, त्र, क्ष, श्र ही अक्षरं शिफ्ट धरून आकड्यांच्या ओळीवर येतात, ॅसुद्धा तिथेच. त्यामुळे आकड्यांची ओळ नसलेले 40 टक्केवाले चिमुकले कीबोर्ड कितीही गोड दिसले तरी आपल्या कामाचे नाहीत. 60 टक्के चालतो, पण त्यावर बाणांच्या कळा नसतात आणि प्रूफं तपासताना हात सारखा तिकडेच जातो. माझं मत 65 टक्क्यांना किंवा एफ-ओळही असलेल्या 75 टक्क्यांना.

सुटे भाग वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवण्याचीच हौस असेल तर मात्र 60 टक्के घ्या. ट्रे-माउंट प्रकारच्या (बोर्ड थेट केसच्या तळाला स्क्रूने बसतो अशा) 60 टक्के केस आणि पीसीबी (कळांचं सर्किट असलेला बोर्ड) यांची स्क्रूची भोकं बरीचशी ठरलेली आहेत, एकाची केस दुसऱ्याच्या बोर्डाला लागते. 65 आणि 75 मध्ये तसं नाही. तिथे केस, प्लेट (स्विच धरून ठेवणारी पट्टी) आणि पीसीबी एकाच किटमध्ये घ्यायचे.

पीसीबी आणि स्टॅबिलायझर

पहिला कीबोर्ड असेल तर हॉटस्वॅप पीसीबी घ्या, म्हणजे स्विच नुसता दाबून बसवता आणि उपसता येतो. बसवताना बोर्डाच्या मागून बोटाचा आधार द्यायचा. नाहीतर सॉकेट तांब्याच्या पट्टीसकट उखडतं आणि मग सोल्डरिंग आलंच. पीसीबी हातात आल्या दिवशीच संगणकाला जोडा आणि धातूच्या चिमट्याने प्रत्येक सॉकेटची दोन टोकं जोडून अक्षर उमटतं का बघा. सगळं जोडून झाल्यावर एक कळ मुकी निघाली, तर दोष बोर्डाचा की तुमचा यावर दुकानदाराशी वाद होतो. परत करण्याची मुदतही तोवर उलटलेली असते.

पीसीबीच्या वर्णनात तीन गोष्टी शोधा. स्विच तीन पायांचे बसतात की पाच पायांचे? (पाच पायांचा स्विच तीनवाल्या बोर्डावर बसवायचा तर प्लॅस्टिकचे दोन जादा पाय कटरने छाटता येतात, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही.) बोर्डाची जाडी 1.6 मिलिमीटर की 1.2? आणि क्यूएमके किंवा व्हाया ही कळांची कामं ठरवणारी सॉफ्टवेअर चालतात का? त्यावर कुठली कळ काय करेल हे आपल्या हातात राहतं. एक मात्र लक्षात घ्या, मराठी अक्षर संगणकातल्या इनस्क्रिप्टकडून येतं, कीबोर्डकडून नाही. 'मराठी सपोर्ट' असं लिहून कुणी जास्त पैसे मागत असेल तर ते छपाईचे पैसे आहेत.

स्टॅबिलायझरवर मी जरा जास्तच बोलते, आणि त्याला कारण आहे. स्पेसबार, बॅकस्पेस, एंटर आणि शिफ्ट अशा लांब कळांच्या पोटात तारेचा हा सांगाडा असतो. तो सैल असेल तर खडखडतो. इंग्रजी लिहिणारा शिफ्टला वाक्याच्या सुरुवातीला हात लावतो. आपण ख, घ, झ, ठ, ण, थ, ध, फ, भ, श, ळ आणि आ-ई-ऊसारखे सगळे सुटे स्वर शिफ्ट धरून काढतो. शब्दागणिक शिफ्ट! तो खडखडला तर दिवसभर खडखडतो. पैसे वाचवायचे असतील तर केसमध्ये वाचवा, इथे नको.

स्क्रूने पीसीबीला बसणारे घ्या, ड्युरॉक कंपनीचे चांगले असतात. प्लेटवर अडकणारे टाळा. 1.2 मिलिमीटरच्या बोर्डावर स्क्रूवाले नीट घट्ट बसत नाहीत, म्हणून जाडी विचारली. 65 टक्क्यांना साधारणपणे 2 यूचे तीन (बॅकस्पेस, एंटर, डावा शिफ्ट) आणि 6.25 यूचा एक लागतो. उजवा शिफ्ट 1.75 यूचा असल्याने त्याला स्टॅबिलायझरच नाही, म्हणजे खडखडायचा प्रश्नच मिटला. मी 65 टक्क्यांकडे वळले त्यात याचा वाटा मोठा. नंबरपॅड नसलेल्या 87 कळांच्या बोर्डाला 2 यूचे चार, पूर्ण 104 ला सात.

तार फोनच्या काचेवर ठेवा आणि एका टोकावर बोट टेकवून बघा. दुसरं टोक उचललं गेलं तर ती वाकडी आहे, हातानेच हळूहळू सरळ करायची. तारेच्या टोकांना डायइलेक्ट्रिक ग्रीस, प्लॅस्टिकच्या घासणाऱ्या भागांना क्रायटॉक्स 205जी0. हे ग्रीस लहान डबीत मिळतं आणि महाग वाटतं, पण एक डबी कितीतरी कीबोर्डांना पुरते. दोघा-तिघांत मिळून घेतलेलं बरं.

स्विच, आणि टीव्हीएस गोल्ड

अधिक चिन्हाच्या आकाराचा दांडा असलेला एमएक्स स्विच जर्मनीच्या चेरीने 1980 च्या दशकात आणला. पेटंट संपल्यावर गेटरॉन, कैल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले, म्हणून आज एवढी चंगळ आहे. सरळ खाली जाणारा लिनियर, मध्ये ठेच लागणारा टॅक्टाइल, टकटक करणारा क्लिकी, असे तीन प्रकार. स्टॅक्सकेबी, मेकीज, निओमॅक्रो अशी भारतीय ऑनलाइन दुकानं आहेत. जिथे दहाच्या पाकिटात स्विच मिळतील तिथून दोन-तीन प्रकार मागवा आणि ए, एस, डी, एफ, जे, के, एल, अर्धविरामाच्या कळांवर बसवून आठवडाभर काम करा. इनस्क्रिप्टमध्ये डीवर हलन्त आहे, आपल्याकडे ती कळ सतत राबते. जड स्विचने तिथे बोट दुखलं तर लगेच कळेल. एकच स्विच दुकानात दाबून बघण्याने काही समजत नाही.

पसंत पडल्यावर पूर्ण संच घेताना चार-पाच जादा घ्या, एखाद्याचा पाय वाकतोच. लिनियर स्विच उघडून क्रायटॉक्सचा पातळ हात फिरवला की फरक पडतो. टॅक्टाइलच्या दांड्याच्या पायांना ग्रीस लावू नका, ठेच बुजते. क्लिकीला तर काहीच लावू नका.

आपल्याकडे बँका, कोर्टं, तिकीट खिडक्या इथे वर्षानुवर्षं टीव्हीएस गोल्ड हा कीबोर्ड खडखडत आलाय. जुन्या गोल्डमध्ये चेरीचे निळे (क्लिकी) स्विच आहेत. कार्यालयं संगणक भंगारात काढतात तेव्हा ते पुढे जुन्या बाजारात येतात. पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या बाजारात मी आधी एक कॅप उपसते आणि स्विचच्या डोक्यावर 'चेरी' कोरलंय का बघते, कारण नंतरच्या काळातले गोल्ड दुसऱ्या स्विचचेही निघतात. सोबत फोन आणि ओटीजी जोडणी (फोनला कीबोर्ड लावायची) न्यायची. यूएसबीचा असेल तर तिथेच उभ्या उभ्या प्रत्येक कळ तपासता येते. गोल पिनेचा पीएस-टू असेल तर तपासणी होत नाही, मग भावही तसाच करायचा. विक्रेत्याला 'चेरी' शब्द ऐकवू नका, एवढं शहाणपण पुरे.

हे स्विच सोल्डर केलेले असतात. काढायला तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग आयर्न, डिसोल्डर पंप आणि 60-40 ची (कथील-शिशाची) सोल्डर तार लागते. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं, मल्टिमीटरसकट. जुनं सोल्डर वितळत नसेल तर त्यावर थोडं नवं घाला आणि मग ओढा. दोन्ही पाय मोकळे झाल्याशिवाय स्विच उपसायचा नाही.

कीकॅप सगळ्यात शेवटी

मोह इथेच जास्त, म्हणून शेवटी. कॅपचं प्लॅस्टिक एबीएस किंवा पीबीटी. एबीएसच्या कॅप वापरून गुळगुळीत, चकचकीत होतात, पीबीटीच्या उशिरा होतात. उलट पीबीटीचा स्पेसबार कधीकधी केळीसारखा वाकलेला येतो, आल्याबरोबर काचेवर ठेवून बघा. अक्षर दोन रंगांचं प्लॅस्टिक ओतून केलेलं असेल तर डबलशॉट, ते पुसलं जाणं शक्यच नाही. जर्मनीची जीएमके यासाठी नावाजलेली. एरवी रंग पीबीटीत जिरवलेला असतो, तोही टिकतो. पीसीबीवरचा एलईडी स्विचच्या वरच्या बाजूला असेल तर चेरी प्रोफाइलच्या कॅप काही स्विचवर मधल्या ओळीत आपटतात, तेवढं विचारून घ्या.

महागडे सेट ग्रुप बायने विकले जातात, म्हणजे आज पूर्ण पैसे आणि माल वर्षभराने किंवा त्याहून उशिरा. मधल्या काळात दुकान बंद पडलं तर पैसे गेले, आणि या धंद्यात दुकानं बंद पडतात. शिल्लक राहिलेले सेट नंतर साठ्यात येतात, मी त्यांचीच वाट बघते. देवनागरी छापलेल्या कॅपचा मोह मला पडत नाही. ज्याला इनस्क्रिप्ट येतं त्याला अक्षरं बघावी लागत नाहीत, फक्त एफ आणि जेवरचे उंचवटे हवेत, म्हणजे ि आणि र बोटाला सापडतात. शिकणाऱ्याने पारदर्शक स्टिकर लावावेत.

परदेशातून मागवायचं तर हिशोब आधी करा. सीमाशुल्क वस्तूच्या किमतीवर नाही, टपालखर्च आणि विमा धरून येणाऱ्या रकमेवर लागतं, वर जीएसटी आणि कुरिअरवाल्याचं शुल्क. दर बदलत राहतात, मागवण्याच्या दिवशी बघा. कुरिअर केवायसीसाठी कागद मागतो, ते वेळेत दिले नाहीत तर पार्सल अडकतं. विक्रेता 'गिफ्ट म्हणून पाठवू का?' असं विचारतो, त्याला नाही म्हणा. डिसेंबर 2019 पासून शुल्क न भरता भेटवस्तू म्हणून टपालाने किंवा कुरिअरने माल आणायला बंदी आहे, सवलत फक्त जीवरक्षक औषधं आणि राखीला. कीबोर्ड यातल्या कशात बसत नाही. अलीएक्सप्रेसवरही भारतात नोव्हेंबर 2020 मध्ये बंदी आली, त्यामुळे जुन्या व्हिडिओंतले दुवे बघून हुरळू नका.

सेकंडहँड घेताना वस्तूशेजारी आजची तारीख आणि विक्रेत्याचं नाव लिहिलेला कागद ठेवून फोटो मागा. स्विच ल्यूब केलेत (ग्रीस लावलंय) का, कुठल्या ग्रीसने, पीसीबीवर किती वेळा डिसोल्डर झालंय, हे विचारा. एबीएस कॅपचा फोटो खिडकीच्या उजेडात तिरका काढायला सांगा, चकाकी लगेच दिसते. आणलेलं सामान झिपच्या पिशव्यांत, पीसीबी तिच्या अँटिस्टॅटिक पिशवीत, पावसाळ्यात सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि प्रत्येक पिशवीवर कागदी टेप लावून नाव, संख्या, पायांची संख्या. सुटे स्क्रू ज्या स्टॅबिलायझरचे त्यांच्याच पिशवीत टाका, ते वेगळे मिळत नाहीत.