रानवाटेवर कुत्रं आडवं आलं: या चुका टाळा

चिखलदऱ्याचं पठार, सालबर्डीची दरी, रामटेकची गडवाट, गिरडची टेकडी. विदर्भात पायी फिरायला कुठेही जा, वाघ-बिबट दिसो न दिसो, कुत्रं हमखास भेटतं. घरून निघताना सगळे वाघाची काळजी करतात. पिंढरीला दात लागतात ते मात्र कुत्र्याचे.

मग घरी येऊन एकच तक्रार: भटकी कुत्री फार झाली. खरं तर गावाबाहेरच्या वाटेवरचं कुत्रं बहुतेक वेळा कोणाचं तरी असतं. एखादं शेळ्यांमागे फिरणारं, एखादं वावरात जागलीला असलेलं, एखादं देवळाच्या पायऱ्यांवर प्रसादावर पोसलेलं आणि हल्ली एखादं शहरातून गाडीच्या मागच्या सीटवर बसून आलेलं. चौघं भुंकतात सारखीच, पण कारणं वेगळी असतात. आपण चौघांनाही एकच उपाय लावतो आणि तिथेच बिघडतं.

कळपातून वाट काढणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मेळघाटात गवळ्यांच्या म्हशी, आर्वी-कारंजाकडे गवळाऊ गाई, उन्हाळ्याकडे मोकळ्या वावरांत बसलेले मेंढ्यांचे कळप. वाटेत जनावरं आली की शहरातला माणूस सरळ मधून घुसतो, कारण गाई-मेंढ्या काही करत नाहीत हे त्याला ठाऊक असतं. त्या करत नाहीतच. पण कळपाच्या कडेला सावलीत पडलेलं कुत्रं तुम्ही जवळ येईपर्यंत कानही हलवत नाही. त्याला ठेवलंय बिबट्यासाठी आणि चोरासाठी. तुम्ही ट्रेकिंगचे शूज घालून आलात याचं त्याला काय कौतुक? जनावरांत अनोळखी माणूस शिरला, एवढंच त्याला कळतं.

म्हणून लांबच थांबा आणि गुराखी शोधा. तो झाडाखाली असतो, चटकन दिसत नाही, पण हाक ऐकतो. ‘‘ओ काका, कुत्र्याले आवाज द्या जरा!’’ म्हटलं की पलीकडून उत्तर येतं, ‘‘या बावा, काई नाई करत थे.’’ या उत्तरावर लगेच चालू लागायचं नाही. काका कुत्र्याला बोलावतील, कुत्रं त्यांच्यापाशी जाईल, मग निघायचं. तेही कळपाला वळसा घालून.

कुत्रं भुंकत समोर आलंच तर पळू नका. अंग थोडं तिरकं करून उभे राहा, त्याच्या डोळ्यांत डोळे घालू नका, पाठीवरची बॅग काढून दोघांच्या मध्ये धरा आणि एकेक पाऊल मागे सरका. मागे म्हणजे आल्या वाटेने. पुढे रेटायला गेलात तर कळपाकडेच जाल. राखणीच्या कुत्र्याला तुम्हाला हाकलायचं असतं. अंतर वाढलं की बहुतेक वेळा ते थांबतं, आणखी चार वेळा भुंकतं आणि जनावरांकडे परततं.

दगड उचलणं

‘वाकून दगड उचलल्याचं सोंग केलं की कुत्रं पळतं’, हा सल्ला घरोघरच्या आजोबांनी दिलेला आहे. गावच्या चौकातल्या, आधी दगड खाल्लेल्या कुत्र्यापुरता तो खराही आहे. राखणीच्या कुत्र्यापुढे आणि पिल्लांच्या आईपुढे मात्र तो उलटण्याची भीती असते: तुम्ही वाकता आणि तुमचं तोंड तिच्या तोंडापाशी येतं. खरोखरच दगड मारलात तर कुत्र्यापाठोपाठ त्याच्या मालकालाही तोंड द्यावं लागेल, आणि माझ्या मते तेव्हा मालकाचं बोलणं मुकाट ऐकून घ्यावं. ते कुत्रं नसेल तर रात्री त्याच्या शेळ्या कोण राखणार?

काठी जवळ असू द्या, पण खाली, जमिनीला टेकवलेली. डोक्यावर फिरवली की शांत कुत्रंही चवताळतं.

पिल्लांचं थोडं आणखी. आपल्याकडे कुत्र्यांच्या माजाचा मोठा हंगाम पावसाळा सरताना, भाद्रपदाच्या आसपास येतो आणि त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी पिल्लं होतात. म्हणजे हवा छान पडते आणि सगळे फिरायला निघतात, तेव्हाच पडक्या बुरुजात, पुलाखालच्या नळीत, तणसाच्या ढिगात बाळंतीण कुत्री बसलेली असते. कुंईकुंई ऐकू आली की फोटोसाठी आत डोकावू नका.

पायथ्याशी बिस्किटं देणं

देवळाजवळचं कुत्रं शेपूट हलवत येतं, आपण पुडा फोडतो, ते मागे चालू लागतं. मग ‘आमचा वाटाड्या’ म्हणून त्याचे फोटो निघतात. वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण त्या कुत्र्याचा मुलूख पायथ्याच्या टपरीपासून फार लांब जात नाही. पुढच्या पाड्याची कुत्री त्याला शिरू देत नाहीत. भांडण जुंपतं ते तुमच्या पायांत, कारण ते लपतं तुमच्याच मागे. अशा वेळी कुत्री सोडवायला हात घातला तर चावा हातालाच बसतो. हात घालू नका. बाजूला व्हा, ओरडा, बाटलीतलं पाणी तोंडावर फेका.

दुसरी अडचण बिबट्याची. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. तो तालुका अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला असला तरी विदर्भातल्या बिबट्याचीही आवड काही वेगळी नाही. दिवस मावळताना झुडपी जंगलातून कुत्रं मागे घेऊन उतरणं म्हणजे त्याचं जेवण सोबत घेऊन चालणं.

खायला द्यायचंच असेल तर परत आल्यावर, जिथे भेटलं तिथेच द्या. आणि एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरून जीपने जाणार असाल, तर सुरुवातीलाच कुत्र्याला टपरीवाल्या दादांच्या हवाली करा. पलीकडे सुटलेलं कुत्रं सहसा परत पोहोचत नाही.

‘तो काही करत नाही’

हेच वाक्य गुराखी म्हणतो आणि नागपूरहून लॅब्रॅडोर घेऊन आलेले साहेबही म्हणतात. फरक असा की गुराख्याचं कुत्रं त्याच्या एका शिटीवर परत येतं.

पहिली गोष्ट, व्याघ्रप्रकल्पात आणि अभयारण्यात पाळीव कुत्रा न्यायचाच नाही. मेळघाट, ताडोबा, पेंच इथे हे सहसा कोणी विसरत नाही. पण लोणारचं विवरही अभयारण्य आहे, आणि तिथे काठावर फिरताना ‘हे तर पर्यटनस्थळ’ म्हणून पट्टा सोडला जातो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीत प्राणी मारण्याबरोबरच त्याला हाकणं आणि त्याचा पाठलाग करणंही धरलं आहे. तुमचा कुत्रा चितळाच्या पाडसामागे सुटला तर ‘खेळत होता’ हे उत्तर वनरक्षकापुढे चालत नाही.

अभयारण्याबाहेरही पट्टा लागतोच, आणि त्याची कारणं इथली आहेत. रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर दिसलं की कुत्रा धुरा (शेताचा बांध) ओलांडून वावरात घुसतो. पिकाभोवतीची तार साध्या झटका मशीनची असेल तर एक किंकाळी मारून परत येईल. कोणी चोरून थेट विजेचा प्रवाह सोडला असेल तर येणार नाही, आणि त्याला ओढायला गेलेला मालकही येणार नाही. डुकरांसाठी लावलेले फासेही धुऱ्यावर असतात. कुत्रा तारेला चिकटलाच तर हात न लावता आधी वीज बंद करवा.

लस न टोचलेल्या कुत्र्यांकडून डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग जंगली मांसाहारी प्राण्यांत जाण्याचा धोका असतो. २०१८मध्ये गीरच्या सिंहांना याच विषाणूने गाठलं होतं. रेबीजसोबत डिस्टेंपरचीही लस टोचलेली नसेल तर कुत्र्याला रानाकडे आणूच नका.

आता माणसांचं. रामटेकच्या पायऱ्यांवर मोकळा कुत्रा वानरांवर धावतो, वानरं यात्रेकरूंमध्ये उड्या घेतात आणि घसरते ती काठी टेकत चढणारी एखादी आजी. जंगलाच्या वाटेवर डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईला पायाजवळ काय आहे हे दिसतच नाही. कुत्र्याने नुसतं हुंगलं तरी ती मोळीसकट पडू शकते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला वाकलेली माणसं असतात. त्यांना झुडपातून येणारं चारपायी जनावर आधी कुत्रा वाटत नाही, आणि हातात काही असलं तर ते फेकून मारतात. दोष कोणाला देणार? समोरून माणूस आला की पट्टा आखूड करा, स्वतः वाटेखाली उतरा आणि कुत्र्याला आपल्या पलीकडच्या बाजूला घ्या. समोरच्याने ‘हात लावू का?’ विचारेपर्यंत ओळख करून द्यायची नाही.

दुसऱ्याचा मोकळा कुत्रा तुमच्या अंगावर येत असेल तर भिडेखातर हसू नका. ‘‘दादा, आधी पट्टा लावा’’ एवढं स्पष्ट म्हणा.

चावल्यावर होणाऱ्या चुका

हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू यातलं काहीही जखमेला लावायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं. घड्याळ लावा, कारण दोन मिनिटांतच पुष्कळ धुतल्यासारखं वाटतं. डोंगरावर एवढं पाणी नसतं, तेव्हा आहे त्यात धुवा आणि पहिल्या हातपंपावर पुन्हा नीट धुवा. घट्ट पट्टी बांधू नका, घाईने टाके घालून घेऊ नका. साबणाची छोटी वडी बॅगेत टाकायला काहीच लागत नाही, पण ती क्वचितच कोणाकडे निघते.

‘कुत्रं पाळीव आहे, १० दिवस बघू’ म्हणून रेबीजची लस थांबवू नका. आधी लस सुरू करा, १० दिवस नजर नंतर ठेवा. त्यासाठीच गुराखी काकांचा नंबर घ्यायचा. भांडून आलात तर तो मिळत नाही. नुसतं खरचटलं असलं, रक्त आलं नसलं तरी लस लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत सीरमही (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं, आणि ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असेलच असं नाही. मेळघाटात असाल तर धारणी किंवा अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. निघण्याआधी फोन करून विचारलं तर एक फेरी वाचते. गाडी नसेल तर १०८ आहे. पूर्वी लसीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, डोस कमी लागतात आणि सीरम लागत नाही.

सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. कातडीत देतात तेव्हा पहिला दिवस शून्य धरून पुढचे डोस ३, ७ आणि २८व्या दिवशी असतात. दंडात दिली तर १४व्या दिवशी आणखी एक. पहिला डोस चिखलदऱ्याला घेतला म्हणून पुढच्यासाठी तिथे जावं लागत नाही, कार्ड दाखवून आपल्या गावी घेता येतो. २८व्या दिवसापर्यंत जखम भरून खपलीही गेलेली असते आणि तोच डोस सर्वाधिक विसरला जातो. कार्डाचा फोटो काढून ठेवा आणि उरलेल्या सगळ्या तारखांचे गजर दवाखान्यातून निघण्याआधीच मोबाईलवर लावा.