फिरतीवरच्या संकलनासाठी लॅपटॉप: खरेदीआधीच्या तयारीची यादी

दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वी किंवा ऑनलाइन विक्रीच्या पानांवर किमतींची तुलना सुरू करण्यापूर्वी आपले काम नेमके कोणते आहे, हे कागदावर लिहून काढावे. ‘मल्टिमीडिया’ या एका शब्दात छायाचित्रांचे रंगसंस्करण, ध्वनिमुद्रण, ॲनिमेशन आणि चित्रफितींचे संकलन (एडिटिंग) अशी परस्परांहून फार वेगळी कामे येतात, आणि प्रत्येक काम यंत्राच्या वेगळ्या भागावर ताण टाकते. या यादीपुरते एक ठोस काम समोर ठेवतो. आषाढी वारीत आळंदीहून पंढरपूरपर्यंत, सुमारे २५० किलोमीटर, पालखीबरोबर चालत माहितीपट चित्रित करणारी दोन-तीन जणांची तुकडी आहे आणि प्रत्येक मुक्कामी रात्री तिला दिवसभराचे चित्रीकरण उतरवून, निवडून, त्याचा छोटा भाग तयार करायचा आहे. लॅपटॉप पाठीवर वाहायचा, पाऊस अंगावर घ्यायचा आणि विजेची खात्री नाही, अशा या कामात जो लॅपटॉप टिकेल तो लग्नाच्या चित्रीकरणालाही पुरेल आणि लोककलांच्या दस्तऐवजीकरणालाही.

पहिली नोंद कॅमेऱ्याची करावी. तो कोणत्या कोडेकमध्ये (चित्रण आकुंचित करून साठवण्याच्या पद्धतीत) आणि किती बिटरेटने (सेकंदाला किती माहिती साठवत) चित्रण करतो, हे त्याच्या मेनूत जाऊन पाहावे. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने ४के चित्रण केल्यास एका तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. दिवसाला सहा तासांचे चित्रण धरले तर २७० जीबी, म्हणजे १ टीबीची अंतर्गत एसएसडी चौथ्या दिवशी भरते. म्हणून अंतर्गत साठवण १ टीबीची घ्यावी आणि उरलेला पैसा दोन बाह्य एसएसडींवर खर्च करावा. दोन अशासाठी की, दुसरी प्रत तयार होऊन ती उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये आणि त्या दोन प्रती एकाच पिशवीत ठेवू नयेत. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क घरी संग्रहासाठी चालेल. तिच्यावरून थेट संकलन करू नये आणि चालत्या गाडीत तिला सुरू ठेवू नये.

कोडेकची नोंद आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक ग्राहकांच्या नजरेतून सुटते. आजचे अनेक मिररलेस कॅमेरे एच.२६५ कोडेकमध्ये १०-बिट ४:२:२ असे, म्हणजे रंगांची अधिक माहिती साठवणारे, चित्रण करतात. ते उलगडण्याची स्वतंत्र सोय चिपमध्ये नसेल, तर महागडे ग्राफिक्स कार्ड असूनही टाइमलाइन (संकलनातील चित्रतुकड्यांची पट्टी) अडखळत चालते. ॲपलच्या एम-मालिकेतील चिपमध्ये आणि इंटेलच्या गेल्या काही पिढ्यांच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये ही सोय आहे. एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांत ती २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेपासून मिळू लागली. त्यामुळे त्याआधीच्या ४० मालिकेचे कार्ड घेताना त्याच्या जोडीला इंटेलचा प्रोसेसर आहे का आणि त्याचे अंतर्गत ग्राफिक्स चालू ठेवता येते का, हे पाहावे. ज्यांचे चित्रण ८-बिट ४:२:० या कमी रंगमाहितीच्या साध्या प्रकारातच होते, त्यांना या अटीत अडकण्याचे कारण नाही.

यानंतर प्रोसेसर आणि ग्राफिक्स. येथे माझे मत स्पष्ट आहे: चिपच्या नावावरून लॅपटॉप निवडू नये, ती चिप त्या विशिष्ट लॅपटॉपमध्ये अर्ध्या तासानंतर किती वॅटवर टिकते, यावरून निवडावा. एनव्हिडियाचे लॅपटॉपसाठीचे आरटीएक्स ४०६० हे उदाहरण घ्या. उत्पादकाला ते ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कोणत्याही मर्यादेवर बसवता येते, त्यामुळे दोन लॅपटॉपवर एकच नाव छापलेले असूनही प्रत्यक्ष कामाच्या वेगात मोठा फरक पडतो. ही मर्यादा तपशिलाच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत दिलेली असते. ती शोधून लिहून घ्यावी आणि कुठेच दिलेली नसेल तर विक्रेत्याकडे लेखी विचारणा करावी. प्रोसेसरच्या बाबतीतही हेच खरे. इंटेलच्या नावातील शेवटचे अक्षर पाहावे. ‘यू’ म्हणजे कमी वीज वापरणारा, ‘एच’ म्हणजे जड कामाचा आणि ‘एचएक्स’ म्हणजे त्याहून जड कामाचा, पण उष्णता आणि वजनही वाढवणारा. वारीसारख्या फिरतीसाठी ‘एचएक्स’च्या वाट्याला जाऊ नये.

चिप टिकते की नाही, हे उष्णतेवर ठरते. प्रोसेसर ठरावीक तापमानाला पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो. पातळ लॅपटॉपमध्ये ही वेळ लवकर येते, कारण पंखा लहान आणि हवेला वाट अरुंद. मॅकबुक एअरमध्ये तर पंखाच नाही. छायाचित्रांसाठी आणि छोट्या चित्रफितींसाठी तो उत्तम आहे, पण तासभराचा माहितीपट एक्सपोर्ट करताना (त्याची अंतिम फाइल तयार करताना) पंखा असलेल्या मॅकबुक प्रोच्या मागे पडतो. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालच्या हवेचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगते. वारीच्या पावसाळी दिवसांत ही अट सहज पाळली जाते. पण तीच तुकडी मे महिन्यात अकोला किंवा चंद्रपूर भागात चित्रीकरणाला गेली, तर सावलीतले तापमानच त्या मर्यादेच्या बरेच वर असते. विदर्भ-मराठवाड्यात काम करणाऱ्यांनी म्हणूनच सर्वांत पातळ लॅपटॉपचा मोह टाळावा आणि दोन पंख्यांचा, मागच्या बाजूने गरम हवा सोडणारा, दोनशे ग्रॅमने जड असला तरी तो घ्यावा. गादीवर, सतरंजीवर किंवा मांडीवर ठेवून एक्सपोर्ट लावू नये. खालची जाळी झाकली जाते. घडीचे हलके स्टँड यादीत लिहून ठेवावे.

मेमरीबद्दल थोडक्यात सांगता येते. १६ जीबीवर ४के संकलन होते, पण रंगसंस्करण आणि शीर्षकांचे ॲनिमेशन एकाच वेळी उघडले की ती अपुरी पडते. ३२ जीबी ही योग्य निवड. पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी बहुधा मदरबोर्डवर झाळलेली असते आणि ॲपलच्या लॅपटॉपमध्ये ती चिपबरोबरच येते, त्यामुळे नंतर वाढवू हा विचार तेथे लागू होत नाही. बजेट अपुरे असेल तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, पण मेमरी कमी करू नये. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी वेगळी मोजावी. ४के कामासाठी ६ जीबी काठावर आहे, ८ जीबीने निश्चिंतपणे काम करता येते.

पडदा हा या संपूर्ण खरेदीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. वेगवान प्रोसेसर असूनही पडदा खोटे रंग दाखवत असेल, तर केलेले सगळे रंगसंस्करण पुन्हा करावे लागते आणि त्याचा पत्ता चित्रपट मोठ्या पडद्यावर लावल्यावरच लागतो. तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले दिसले की तो लॅपटॉप यादीतून बाद करावा, कारण असा पडदा एसआरजीबीच्या (संगणक आणि इंटरनेटवरच्या नेहमीच्या रंगपट्ट्याच्या) जेमतेम ६० ते ६५ टक्के रंग दाखवतो. भगव्या पताका त्यावर विटकरी दिसतात आणि बुक्क्याच्या काळ्या रंगातले तपशील बुजून जातात. यूट्यूब आणि दूरचित्रवाणीसाठी काम असेल तर १०० टक्के एसआरजीबी पुरे, कारण आरईसी.७०९ या प्रसारणमानकाचा रंगपट्टा तोच आहे. चित्रपटगृहासाठी काम असेल तर डीसीआय-पी३ या चित्रपटगृहांच्या रंगपट्ट्याचे ९५ टक्क्यांहून अधिक आच्छादन मागावे. उजळपणा किमान ४०० निट असावा; २५० निटचा पडदा खिडकीजवळही फिका वाटतो, मग दिवेघाटाच्या पायथ्याशी उघड्यावर बसून काही पाहण्याची गोष्टच नको. १६:९ ऐवजी १६:१० प्रमाणाचा पडदा घ्यावा. उंचीत मिळणारी ती पट्टी टाइमलाइनच्या आणखी एक-दोन रांगांना जागा देते.

ओएलईडी (प्रत्येक बिंदू स्वतः उजळणाऱ्या) पडद्याचा काळा रंग खरोखर काळा असतो आणि कीर्तनाच्या रात्रीच्या चित्रणात त्याचा फरक लगेच जाणवतो. मात्र संकलनाच्या सॉफ्टवेअरच्या स्थिर पट्ट्या रोज आठ-आठ तास त्याच जागी राहिल्यास त्यांचा ठसा पडद्यावर उमटण्याचा धोका असतो, आणि उजळपणा कमी ठेवल्यावर काही ओएलईडी पडद्यांचे लुकलुकणे संवेदनशील डोळ्यांना त्रास देते. रोजचे दीर्घ काम असणाऱ्यांनी चांगल्या आयपीएस (मागून प्रकाश देणाऱ्या एलसीडी प्रकारच्या) पडद्याला प्राधान्य द्यावे, असे मला वाटते. पडदा कोणताही असो, रंगमापक उपकरणाने त्याचे अंशांकन (कॅलिब्रेशन) करून घ्यावे. ते विकत घेणे परवडत नसेल तर चार-पाच सहकाऱ्यांनी मिळून एक घ्यावे.

वजन मोजताना केवळ लॅपटॉपचे आकडे पाहू नयेत. चार्जर, वायर, हब, बाह्य एसएसडी आणि स्टँड हे सारे एकत्र तराजूवर ठेवावे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाच्या अनेक लॅपटॉपचा चार्जरच अर्धा किलोच्या वर जातो, आणि रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाच्या खांद्याला तो अर्धा किलो संध्याकाळी कळतो. सगळे मिळून अडीच किलोच्या आत बसले तर निवड उत्तम झाली. लॅपटॉप सी-टाइप पोर्टवरूनही चार्ज होतो का, हे याच जागी तपासावे. तसे असेल तर रात्री फक्त हलका १०० वॅटचा चार्जर नेऊन भागते, जड कामाचा मोठा चार्जर सामानाच्या गाडीत राहू शकतो. १०० वॅटसाठी वायरही ५ अँपिअरची लागते. मोबाइलबरोबर आलेली साधी वायर चालत नाही.

बॅटरीची क्षमता तासांत नव्हे, वॅट-अवरमध्ये पाहावी, कारण जाहिरातीतले तास मंद उजळपणावर चित्रफीत पाहण्याचे असतात. ७५ वॅट-अवरची बॅटरी मजकूर लिहिताना १० वॅट खर्च झाले तर साडेसात तास चालते. संकलन करताना तोच खर्च ६० वॅटवर गेला की सव्वा तासात संपते. विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये वीज काढल्याबरोबर ग्राफिक्स कार्डाचा वेगही उतरतो, ॲपलच्या चिपमध्ये हा उतार फारसा जाणवत नाही. फलटण किंवा माळशिरसच्या मुक्कामी रात्री वीज गेली तर हाच फरक निर्णायक ठरतो, आणि फिरतीवर काम करणारे अनेक जण मॅककडे का वळले याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवरची असते; ती लॅपटॉपला लागणारे वॅट देते का, हे तिच्यावर छापलेले असते. विमानाने जाणाऱ्यांनी १०० वॅट-अवरची मर्यादा लक्षात ठेवावी; त्यापुढील बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते. जनरेटरवरून चार्ज करताना सर्ज प्रोटेक्टर मध्ये असलाच पाहिजे.

पोर्टांची नोंद करताना कार्ड-वाचक आधी पाहावा. एसडी कार्डांच्या यूएचएस-१ प्रकाराची कमाल गती सेकंदाला १०४ एमबी आणि यूएचएस-२ ची ३१२ एमबी आहे. प्रत्यक्षात अनुक्रमे ९० आणि २५० एमबी मिळाले असे धरले, तर १२८ जीबीचे कार्ड पहिल्यात सुमारे २४ मिनिटांत आणि दुसऱ्यात साडेआठ मिनिटांत उतरते. रोज तीन-चार कार्डे उतरवणाऱ्याला ही वाचलेली झोप आहे. किमान एक थंडरबोल्ट ४ किंवा यूएसबी ४ (वेगवान सी-टाइप) पोर्ट, एक जुना आयताकृती (टाइप-ए) यूएसबी आणि एक एचडीएमआय असावा. चांगल्या लॅपटॉपमध्येही कार्ड-वाचक नसेल तर बाहेरचा घेता येतो, एवढ्यावरून तो नाकारू नये.

ध्वनीचे काम करणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या तपासाव्यात. शांत खोलीत पंख्याचा आवाज माइकमध्ये किती येतो, ही पहिली. विंडोजवर ‘लेटन्सीमॉन’ हे मोफत साधन दहा मिनिटे चालवून ध्वनी मध्येच तुटतो का, ही दुसरी.

वॉरंटीचा विचार शहरात बसून करू नये. आपण राहतो त्या तालुक्याच्या पिनकोडवर घरपोच दुरुस्ती मिळते का, हे कंपनीच्या सेवाकेंद्राला फोन करून विचारावे. अपघाती नुकसानीचे संरक्षण खरेदीच्या वेळीच घ्यावे, पाऊस आणि चिखल यांत काम करणाऱ्यांना ते हमखास उपयोगी पडते. परदेशातील नातेवाइकांकडून लॅपटॉप मागवणार असाल तर ती वॉरंटी भारतात चालते का, याची लेखी खात्री करून घ्यावी. व्यवसायासाठी खरेदी असेल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. लॅपटॉपवरचा कर १८ टक्के आहे आणि नोंदणीकृत व्यावसायिकाला त्याचे श्रेय (इनपुट टॅक्स क्रेडिट) हिशेबात धरता येते.

दुकानात जाताना स्वतःच्या कॅमेऱ्यातले पाच मिनिटांचे चित्रण आणि मराठी उपशीर्षकांसह एक छोटा प्रकल्प बाह्य एसएसडीवर सोबत न्यावा. तो उघडून पाहावा, टाइमलाइन मागे-पुढे ओढावी, आणि जोडाक्षरे नीट जुळतात का हेही पाहून घ्यावे. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सुटी पडली तर मजकुराच्या सेटिंगमध्ये (प्रेफरन्सेस) दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो, त्याचा दोष लॅपटॉपला देऊ नये. ऑनलाइन खरेदी असेल तर खोके उघडतानाचे चित्रण करून ठेवावे आणि परतीची मुदत संपण्याच्या आत सर्व चाचण्या उरकाव्यात. प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या ‘सिनेबेंच’ या साधनाची चाचणी सलग अर्धा तास चालवून पहिल्या आणि शेवटच्या फेरीतील गुण ताडून पाहावेत. दहा टक्क्यांपर्यंतची घट चालण्यासारखी आहे, पाव भाग घटला तर लॅपटॉप परत करावा. हीच चाचणी वायर काढून एकदा करावी. पांढरा, काळा आणि तिन्ही मूळ रंग पूर्ण पडद्यावर लावून मृत बिंदू शोधावेत, प्रत्येक पोर्टला एकेकदा एसएसडी लावून गती मोजावी, विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढून तिची मूळ क्षमता छापील आकड्याशी जुळवावी, आणि खालच्या बाजूचा अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून मगच खोके माळ्यावर टाकावे.