भातखाचरातले नुकसान: गोगलगायीचे की उंदराचे?

लावणी होऊन आठवडा झाला आणि खाचरात मध्येमध्ये चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) जागा रिकाम्या दिसू लागल्या, तर घाईने विषारी आमिष टाकू नका. आधी खाणारा कोण ते पाहा.

गोल्डन ॲपल गोगलगाय कोवळे रोप बुंध्यापासून फस्त करते, पानांचे तुकडे पाण्यावर तरंगत राहतात. गवताच्या काड्यांवर, खुंट्यांवर पाण्याच्या वर गुलाबी अंड्यांचे घोस दिसले की शंकाच नको. उंदीर फुटवा (बुंध्यातून फुटलेली नवी काडी) तिरका आणि स्वच्छ छाटतो. बांधात ताजी माती उकरलेली बिळे आणि गवतातून पडलेली पायवाटही सापडते.

दोघांच्या वेळा वेगळ्या. लावणीनंतर पहिले तीन आठवडे गोगलगायीचे. पुढे बुंधा जाड झाला की तिचे फारसे चालत नाही. म्हणून 25 ते 30 दिवसांची रोपे लावा आणि या काळात पाणी उथळ ठेवा. खाचरात उथळ चर काढले की उरलेल्या पाण्याकडे गोगलगायी गोळा होतात, तिथे पपईची पाने टाकून सकाळ-संध्याकाळ वेचता येतात. पाणी आत येते तिथे जाळी बसवा. अंडी आठवड्या-दोन आठवड्यांत फुटतात, त्यामुळे घोस दिसताच चिरडा. शेत कोरडे ठेवले की त्या मरतील, या भरवशावर मात्र राहू नका. कवचाचे झाकण लावून त्या चिखलात महिनोन्महिने तग धरतात.

उंदरांचा खरा उपद्रव फुटवे येण्यापासून ते पोटरीच्या, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याआधीच्या, काळात. पोटरीच्या सुमारास वीण सुरू होते, गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा. तेव्हाची धावपळ उशिराची. बंदोबस्त लावणीच्या आसपासच करा, तोही शिवारातल्या सगळ्यांनी मिळून. एकट्याने बिळे खणली तर शेजारचे उंदीर रिकाम्या जागेत येतात. लावण्याही पुढेमागे दोन आठवड्यांच्या आत उरका. बांध 30 सेंटिमीटरहून अरुंद असेल तर त्यात बिळे करणे त्यांना जमत नाही.

उंदीर गोगलगायी फोडून खातात, म्हणून बांधावर फुटकी कवचे दिसली तर आनंद मानू नका. उंदराच्या फुप्फुसातल्या एका कृमीच्या अळ्या त्याच्या विष्ठेतून गोगलगायीत जातात आणि तिला खाल्ले की पुन्हा उंदरात. हा कृमी माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. वेचताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा आणि गोगलगायी कच्च्या किंवा अर्धवट शिजवून अजिबात खाऊ नका.