बिघडलेले पान फाडण्याआधी

आर्ट जर्नलमध्ये, म्हणजे चित्रे आणि नोंदींच्या वहीत, पान बिघडले की ते फाडून टाकावेसे वाटते. तसे करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एक कारण वहीच्या बांधणीत आहे: शिवलेल्या वहीत एकच कागद मधोमध दुमडलेला असतो, त्यामुळे एक पान फाडले की शिवणीपलीकडचे त्याचे जोडपानही सैल होते. त्याहून मोठे कारण असे की, चूक नेमकी कशी घडली याचा पुरावा त्या पानाशिवाय दुसरीकडे कुठेच नसतो.

चूक दिसताक्षणी हात थांबवावा. ओला कागद घासला की त्याचे तंतू सुटतात, पृष्ठभागावर बारीक गोळ्या येतात आणि त्या जागी पुढचा रंग काळपट बसतो. नको असलेला रंग टिपायचा असेल तर टिश्यू पेपर किंवा सुती फडके हलकेच दाबून उचलावे आणि पान पूर्ण वाळू द्यावे. जलरंग वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे ओला असताना भडक वाटलेला डाग पुष्कळदा वाळल्यावर खटकतही नाही.

पान वाळले की त्याच्या मागे पेन्सिलीने तारीख घालून चार गोष्टी लिहाव्यात: कागद कोणता होता, रंग कोणता होता, कुंचल्यात पाणी किती होते आणि खालचा थर कितपत वाळला होता. 'पान बिघडले' एवढेच लिहून काही हाती लागत नाही. मी एकदा जास्वंद रंगवताना लाल पाकळी ओली असतानाच तिला लागून हिरवे पान रंगवले आणि दोन्ही रंग एकमेकांत उतरून तिथे गढूळ तपकिरी पट्टा तयार झाला. लाल आणि हिरवा हे परस्परविरोधी रंग असल्यामुळे मिसळले की एकमेकांचा तजेला मारतात, हे मला तोंडपाठ होते; पण ते खरे कळले ते त्या पट्ट्यामुळे. आता जास्वंदीची काडी रंगवताना मी तोच तपकिरी मुद्दाम लाल आणि हिरव्यातून करून घेते.

चूक अशी मुद्दाम पुन्हा करून पाहणे हा या पद्धतीतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. अर्धवट वाळलेल्या जलरंगावर पाण्याचा थेंब पडला की ते पाणी रंगाचे कण बाहेर ढकलत नेते आणि फुलकोबीसारख्या कातरलेल्या कडेचा डाग उमटतो. एका कागदाच्या तुकड्यावर निळ्या रंगाचे पाच चौकोन रंगवावेत आणि दर मिनिटाला एकेका चौकोनात एक थेंब सोडावा. अगदी ओल्या चौकोनात थेंब पसरून जातो, तर कागदावरची चमक नुकतीच जाऊ लागलेल्या चौकोनात कड ठळक उमटते. ही वेळ ओळखता आली की तोच डाग पावसाळ्यातल्या ओल आलेल्या भिंतीसाठी हवा तिथे उमटवता येतो. मला तो कुंचल्याने काढलेल्या कोणत्याही भिंतीपेक्षा खरा वाटतो.

काही चुकांचे मूळ हातात नसून साहित्यात असते. साध्या वहीचा साठ-सत्तर जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद पाणी लागताच फुगतो आणि सुरकुततो. जलरंगासाठी 300 जीएसएमचा कागद उत्तम. वही पातळ कागदाचीच असेल तर दोन पाने एकमेकांना चिकटवून घ्यावीत. पांढऱ्या गोंदातही पाणी असते, म्हणून तो सपाट कुंचल्याने अगदी पातळ लावावा आणि मधून कडेकडे दाबत जावे. वाकलेला सुटा कागद मागच्या बाजूने किंचित ओलसर करून, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून, जड पुस्तकांखाली रात्रभर दाबला की बराचसा सरळ होतो.

शाई फुटणे ही चूक मात्र आधीच टाळता येते. वहीचे शेवटचे पान चाचणीसाठी राखावे, त्यावर प्रत्येक पेनाने एकेक ओळ लिहून वाळू द्यावी आणि वरून ओला कुंचला फिरवावा; जी ओळ पसरेल ते पेन फक्त रंगकामानंतर वापरावे.

पान झाकायचेच असेल तर जेसोचा (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचा) किंवा पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात द्यावा. जाड थर देऊन सगळे पुसून टाकण्यापेक्षा खालचे थोडे दिसू द्यावे, कारण कोऱ्या पानावर सहज न येणारी खोली त्यातूनच येते. एक काळजी घ्यावी: अ‍ॅक्रिलिक वाळल्यावरही उष्णतेने मऊ पडते आणि दाबाखाली समोरच्या पानाला चिकटते, म्हणून मध्ये बटर पेपर ठेवावा.

दोन-तीन महिन्यांनी सर्व पानांच्या मागच्या नोंदी सलग वाचाव्यात. माझ्या नोंदींत 'ओले असतानाच' हे शब्द सर्वांत जास्त वेळा आले होते. तेव्हापासून मी एका वेळी दोन वह्या उघड्या ठेवते. एका वहीतले पान वाळेपर्यंत दुसरीत काम करते, आणि पावसाळ्यात हवा सर्द असल्यामुळे पहिल्या पानाकडे दुसऱ्या दिवशीच वळते.